खिरीचा डबा परत पाठव

मुलुंड पश्चिम
१८ नोव्हेंबर २०२५

शीतल,

जय भीम घालत नाही. रागात आहे.

फोन लावला की तू कट करतेस. चार वेळा केलंस. पाचव्यांदा तुझ्या नवऱ्याने उचलला, म्हणाला, ती अंघोळीला गेलीय. दुपारी तीन वाजता कोण अंघोळीला जातं गं? अनिरुद्धला नीट खोटं बोलायला तरी शिकव. म्हणून कागद घेतला. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

अक्षर वेडंवाकडं आहे. आजपर्यंत माझं सगळं तूच लिहायचीस. आयुष्यातलं पहिलं पत्र स्वतः लिहितेय, ते माझ्याच बहिणीला आणि भांडायला.

आधी माझा डबा परत पाठव. आईचा, कडीवाला. बुद्धपौर्णिमेला खीर घालून कांदिवलीला पाठवला होता, सहा महिने झाले.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात बुद्धविहाराच्या फळ्यावर नोटीस लागली. खालचे टॉवरवाले आपल्या वस्तीचा ओहोळ वळवणार. डोंगरावरच्या आपल्या कातळीच्या वरूनच पाइप टाकून पाणी उचलणार आणि त्यांच्या कंपाउंडात नेणार. तिथे तळं करणार आहेत. बदकं सोडणार म्हणे. म्हणजे डोंगराचं पाणी बदकांना आणि आम्ही टँकरच्या मागे पळायचं. हरकत असेल तर वीस जानेवारीला सुनावणीला या, असं लिहिलंय.

वस्तीच्या वकील मृणालिनीताईंनी टॉवरची फाइल काढून आणली. त्यात म्हटलंय, हा ओहोळच नाही, पावसाळी नाला आहे, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. पुरावा म्हणून सहा फोटो. कोरडा कातळ, कोरडी वाळू, एकात मेलेला खेकडा. खाली तारीख, ११ मे २०२५.

मोजणी कोणी केली त्या कचेरीचं नावही आहे. तू दोन वर्षं ज्या कचेरीत टायपिंगला जातेस तीच. मला म्हणायचीस, 'आम्ही जमिनी मोजतो अक्का, बोअर काम आहे.' कोणाची जमीन ते कधी बोलली नाहीस.

११ मे म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तरी सांगते, वाचताना लाज वाटली तर बरंच. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आपण सगळ्या बायका वर चढतो. वाळूच्या गोण्या लावून पाणी पलीकडच्या घळीत सोडतो आणि कातळीच्या कुंडात वर्षभर साचलेला गाळ घमेल्याने काढतो. दहा वाजेपर्यंत खालचा ओहोळ कोरडा पडतो. संध्याकाळी गोण्या काढल्या की पुन्हा वाहता. दुसऱ्या दिवशी त्या स्वच्छ पाण्यात विहाराची खीर. बाकी सगळं वर्ष हा ओहोळ वाहतो, भर मे महिन्यातही. एक दिवस कोरडा असतो, तोही आम्हीच करतो म्हणून. तो दिवस कोणता हे वस्तीच्या बाईशिवाय कोणाला माहीत नाही.

त्या दिवशी वर फोन घेऊन फिरणारी एकटी तू होतीस. मी ओरडलेसुद्धा, 'फोटो काय काढतेस, घमेलं उचल!' तू म्हणालीस, 'आठवण म्हणून गं अक्का.' मला वाटलं, नखं खराब होतील म्हणून टाळतेय.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याची खीर खाल्लीस. फोन करून म्हणालीस, 'झकास झालीय, वेलची जास्त टाकलीस ना?' शीतल, घशाखाली उतरली कशी?

अजून एक. फाइलमध्ये आपल्या रमाई महिला मंडळाचं निवेदन आहे. 'ओहोळ उन्हाळ्यात कोरडा पडतो, वळवण्यास आमची हरकत नाही.' खाली अध्यक्ष म्हणून माझी सही. ती खोटी आहे, कोणीतरी मारलीय, असं मी वस्तीत सगळ्यांना सांगितलंय. शेजारची मीरा म्हणाली, ज्याने मारली त्याचा हात मोडला पाहिजे.

डबा पाठव.

कुंदा


२ डिसेंबर २०२५

शीतल,

दोन आठवडे झाले. डबा नाही, उत्तर नाही. तुला काय वाटलं, एका पत्रात माझा दम संपेल? रोज दुपारी चार ओळी लिहिते. मीरा विचारते, काय गं लिहितेस एवढं? म्हटलं, औषधांची यादी.

आता जे लिहिते ते वस्तीत कोणालाच माहीत नाही. सही माझीच आहे.

मृणालिनीताईंनी झेरॉक्स पुढे ठेवली तेव्हाच कळलं. सहीवरून नाही, डागावरून. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात काळं बोट उमटलंय. आठवतंय? मी गुडघाभर कुंडात उभी, कोपरापर्यंत गाळ. तू काठावरून वाकून कागद पुढे केलास, म्हणालीस, 'पायवाटेच्या दिव्यांचा अर्ज आहे, आजच द्यायचाय, पटकन कर.' मी पदराला हात पुसला, पण नीट कुठे पुसला जातो. सही केली आणि कागद धरताना बोट लागलं. तू म्हणालीस, 'असू दे असू दे.' तुला घाई होती.

म्हटलं, पोरगी रविवारीसुद्धा वस्तीसाठी धावते. मीराला कौतुकाने सांगितलं मी.

बारा वर्षं हेच केलं आपण. पाण्याच्या लाइनीचा अर्ज, शौचालयाचा अर्ज, दरड आली तेव्हाचा अर्ज. मी भांडी घासत बोलायची, तू मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहायचीस. मी म्हणायची, 'लिही, तुम्हाला लाज वाटते का.' तू लिहायचीस, 'आपण सहानुभूतीने विचार करावा.' मग वाचून दाखवायचीस आणि मी म्हणायची, हेच म्हटलं होतं मी. दोघी हसायचो. मग तू जिथे बोट ठेवशील तिथे मी सही करायची.

चौथी पास आहे मी. वाचता येतं मला, हळू येतं. पण तुझा कागदही वाचून बघावा लागतो, हे कधी डोक्यातच आलं नाही. चुलतभावाचा कागद मी वाचला असता. भीमराजचासुद्धा वाचला असता, माझा नवरा असला तरी. फक्त तुझा नाही.

आता अडकलेय. खरं सांगावं तर वस्ती म्हणेल, हिनेच पाणी विकलं. खोटं चालू ठेवावं तर झोप लागत नाही. तुला झोप लागते का गं?

कुंदा


२१ डिसेंबर २०२५

शीतल,

माझ्याशी बोलायची हिंमत नाही म्हणून तुझ्या दाजींना फोन केलास. त्यांना बिचाऱ्यांना निरोप पाठ करून यावा लागला. दारात उभे राहून शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं भीमराजने. 'शीतल म्हणाली, अक्काचे गुडघे गेलेत. ती अजून किती वर्षं डोंगर चढणार? ओहोळ गेला की वस्ती उठेल, सगळ्यांना नळाचं घर मिळेल. मी अक्कासाठीच केलं.' आणि मग स्वतःचं एक वाक्य घातलं, 'रडत होती गं ती.'

रडू दे.

गुडघे माझे आहेत. त्यांचं काय करायचं ते मी बघीन. नळाचं घर मीराच्या नणंदेलाही मिळालंय, माहुलला, सातव्या मजल्यावर. बिचारी कारखान्यांच्या वासाने दिवसभर खिडकी लावून बसते आणि इथे आली की आधी कातळीवर जाऊन तोंड धुते. तिला विचार नळाचं घर कसं असतं.

आणि माझ्यासाठी केलंस तर मला सांगून का नाही केलंस? समोर बसून म्हणायचं, अक्का, मला वाटतं हे पाणी जाऊ दे. भांडलो असतो. मी दोन शिव्या दिल्या असत्या, तू रुसून गेली असतीस, पौर्णिमेला परत आली असतीस. दिव्यांचा अर्ज म्हणून का? जे माझ्या भल्याचं आहे ते माझ्यापासून लपवावं का लागलं?

मी सांगते का. तुझ्या सासूला तू आजवर सांगितलेलं नाहीस की तू हंडे वाहून वाढलीस. लग्नात म्हणालीस, 'आम्ही मुलुंडला स्टेशनजवळ राहतो.' मी ऐकलं होतं. बोलले नाही, कारण तुझं लग्न होतं आणि मला नवी साडी टोचत होती. ओहोळ गेला, वस्ती गेली की तुझं ते वाक्य खरं होणार. एवढंच.

कडू लिहितेय ना? मग माझंही एक घे. मी तुला लहानपणापासून ऐकवत आले, तुझ्यासाठी मी शाळा सोडली, तुला सांभाळायला. खोटं आहे. शाळेचा मला कंटाळा होता. बाई मारायच्या. तू झालीस आणि मला निमित्त मिळालं. ते निमित्त मी तीस वर्षं तुझ्या डोक्यावर ठेवलं. बघ, मलाही करता येतं.

मृणालिनीताई म्हणाल्या, 'कुंदाबाई, सुनावणीत एवढंच सांगा, सही माझी नाही. कागद तपासायला जाईल. निवेदन बाद होईल, मग फोटोंचं बघू.' मी विचारलं, 'आणि मजकूर ज्याने लिहिला त्याचं काय?' म्हणाल्या, 'पोलीस बोलावतील त्याला. खोटी सही म्हणजे गुन्हा आहे.' ताईंना माहीत नाही ते अक्षर कोणाचं आहे. मला माहीत आहे. तुझा 'ळ' मी आंधळी झाले तरी ओळखीन.

मीरा म्हणते, 'मग सांग ना तसं, विचार कसला करतेस?'

विचार करतेय.

कुंदा


१७ जानेवारी २०२६

शीतल,

डबा आला. कुरिअरवाल्याला वस्तीत घर सापडेना, विहारात ठेवून गेला. सगळ्यांसमोर पुडकं उघडावं लागलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा, घासूनपुसून लखलखीत, आणि डब्यात साखर. काठोकाठ.

चिठ्ठी नाही. मी साखर परातीत ओतून बघितली, तळाशी काही आहे का. नाही.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आईचं बरोबर लक्षात ठेवलंस. बाकीचं कुठे गेलं?

मीरा बघत होती. म्हणाली, 'बहिणीने साखर पाठवली, आणि तुझं तोंड असं का?' म्हटलं, 'मधुमेह आहे मला.' म्हणाली, 'कधीपासून?' म्हटलं, 'आजपासून.'

मंगळवारी सुनावणी आहे. मी 'सही माझी नाही' म्हटलं तर ओहोळ वाचेल आणि तू जाशील. 'माझी आहे' म्हटलं तर तू वाचशील आणि ओहोळ जाईल, शिवाय माझं तोंड काळं. तू असतीस तर तिसरं काहीतरी लिहून दिलं असतंस, सहानुभूतीने विचार करावा असलं काहीतरी. तू नाहीस. मलाच शोधायचंय.

काल एकटीच वर गेले होते. गुडघे दुखले, हो, दुखले. कुंडाच्या काठावर बसले. पाणी आपलं चाललंय, त्याला कुठे काय माहीत आपल्या नावाचा कागद निघालाय. हात घातला तर तळाला बोटभर गाळ लागला, मेनंतरचा. बोट बाहेर काढून बघत बसले बराच वेळ. एक गोष्ट सुचलीय. तुला सांगत नाही. तुला सांगितलेल्या गोष्टी फाइलमध्ये जातात.

कुंदा


२१ जानेवारी २०२६

शीतल,

तुझ्या कचेरीतून कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

काल सुनावणीला साहेब पंख्याखाली बसले होते. टॉवरकडून एक टायवाला. मला म्हणाला, 'मावशी, बसा ना.' म्हटलं, 'मावशी तुमच्या घरी. मला कुंदाबाई म्हणा.'

साहेबांनी निवेदन पुढे सरकवलं. झेरॉक्स नव्हे, अस्सल. 'ही सही तुमची?'

मृणालिनीताई माझ्याकडे बघत होत्या. मागे मीरा आणि अकरा बायका.

म्हटलं, 'माझी.'

मागून मीराचा आवाज आला, 'अगं बाई!' ताईंनी डोळे मिटले. टायवाला खुर्चीत मागे रेलला.

साहेब म्हणाले, 'म्हणजे तुमची हरकत नव्हती.'

'सही माझी, मजकूर माझा नाही. वाचला नव्हता.'

'न वाचता सही करता?'

'तुमच्यासमोर एवढा गठ्ठा आहे साहेब. सगळा वाचता?'

दारातला शिपाई हसला. साहेब हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. मग मी म्हटलं, 'कागदाचा कोपरा बघा. ते माझं बोट आहे. आता सहीखालची तारीख वाचा.'

'अकरा मे.'

'फोटोंची?'

'अकरा मे.'

'ज्या दिवशी नाला ठणठणीत कोरडा, त्याच दिवशी तिथेच उभी राहून मी सही केली. मग माझं बोट ओल्या गाळाने कसं बरबटलं? गाळ काय मी घरून नेला होता?'

साहेबांनी कागद खिडकीपाशी नेला. नखाने डाग खरवडला. बारीक काळी माती टेबलावर पडली. टायवाला म्हणाला, 'साहेब, चिखल कुठलाही असू शकतो.' मी म्हटलं, 'मे महिन्यात तुमच्या अंगणात आहे का? घेऊन या बघू.' मग सगळं सांगितलं, गोण्या, घळ, गाळ, खीर. साहेबांनी दोनदा विचारलं, 'एकच दिवस कोरडा?' मागून सगळ्या एकदम ओरडल्या, 'एकच!'

मग त्यांनी विचारलं, 'कागद कोणी आणला?'

इथे मी थांबले. खरं सांगते, थांबले. साखर आठवली, आणि तुझं ते 'असू दे असू दे.'

म्हटलं, 'माझ्या बहिणीने. शीतल. फोटोही तिनेच काढले. मजकुराचं अक्षर तिचंच आहे.'

लिहून घेतलं त्यांनी. तुला वाचवायला खोटं बोलले नाही आणि बुडवायलाही बोलले नाही. जे झालं ते सांगितलं. तुला माझा राग येईल. येऊ दे, निदान तुझ्याविरुद्ध जे केलं ते लपवून ठेवलं नाही.

साहेब म्हणाले, उन्हाळ्यात मी स्वतः येऊन बघणार, तोवर ओहोळाला कोणी हात लावायचा नाही. कॅलेंडर बघून तारीख दिली, ३० एप्रिल. आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. एक मेला पौर्णिमा. म्हणजे तीस एप्रिल नेमका गाळ काढायचा दिवस.

बाहेर आल्यावर मीरा एवढंच म्हणाली, 'दोन महिने आम्हाला सांगत होतीस सही खोटी आहे. मग तुझ्यात आणि शीतलमध्ये फरक काय?'

संध्याकाळी विहारात बैठक झाली, मंडळाचं अध्यक्षपद काढून घेतलं. मीराला दिलं. बरोबर केलं.

कुंदा


३० एप्रिल २०२६

शीतल,

तीन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, मन नव्हतं. तू नोकरी सोडलीस, की त्यांनी काढलं, भीमराज नीट सांगत नाही. मला वाईट वाटलं नाही. वाटलं. पुढे लिहिते.

यंदा आज गाळ काढला नाही. आईच्या वेळेपासून चुकला नव्हता तो दिवस चुकला. मीराने सकाळीच सांगितलं, 'आज वर कोणी गोणी उचलली तर माझ्याशी गाठ आहे.' सगळ्या हात बांधून काठावर बसल्या. कामाची सवय असलेल्या बायका, बसवेना कोणाला. एकजण तर नुसतीच दगड घासत होती.

साहेब अकराला चढून आले. टायवालाही आला, आज टाय नव्हता, बूट गुळगुळीत होते. कातळावरून घसरून बसला. भीमराजने हात दिला आणि म्हणाला, 'सांभाळा, कोरडा नाला आहे.' तुझे दाजी असे बोलतील असं मला अठ्ठावीस वर्षांत वाटलं नव्हतं.

साहेबांनी कुंडाच्या तोंडाशी बादली लावली, घड्याळ लावलं. बावीस सेकंदांत भरली. तीनदा केलं, तीनदा तेच. कारकुनाने तिथेच दगडावर बसून पंचनामा लिहिला. मीराने सही केली. मग साहेब म्हणाले, 'कुंदाबाई, तुम्हीही करा. तुमच्यावरूनच सगळं सुरू झालं.'

मी कागद घेतला आणि वाचायला बसले.

एकेक अक्षर. बोट खाली ठेवून. साहेब रुमालाने मान पुसत होते. कारकून म्हणाला, 'बाई, मी वाचून दाखवतो ना.' म्हटलं, 'नको. वाचून दाखवणारं माणूस होतं माझ्याकडे.' दुसऱ्या पानावर एके ठिकाणी त्याने सवयीने 'सदर नाला' लिहिलं होतं. मी म्हटलं, 'खोडा. बारमाही ओहोळ लिहा.' साहेबांनी खोडायला लावलं. पाऊण तास लागला मला, भर उन्हात सगळे उभे. शेवटी मीरा म्हणाली, 'झालं का, की परत पहिल्यापासून?' जानेवारीनंतर ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

मग सही केली. हात स्वच्छ होते.

निकाल अजून आलेला नाही. टॉवरवाले पुढे जातील, वरच्या साहेबाकडे, त्याच्याही वरच्याकडे. जाऊ देत. पण फाइलमध्ये आता बावीस सेकंद लिहिलेत, आणि ते मी वाचून बघितलेत.

उद्या पौर्णिमा. खीर होणार, पाणी चार पदरी फडक्यातून गाळून घेऊ. तू पाठवलेली साखर मी हात न लावता फळीवर ठेवली होती. ती उद्याच्या पातेल्यात घालणार आहे. साखरेचा काय दोष. डबा पाठवणार नाही, तो आता माझ्याकडेच राहील.

तुला माफ केलं असं समजू नकोस. वर कुंडाशी उभी राहिले की काठावर वाकलेली तू दिसतेस, हातात पेन. ते कधी जाईल माहीत नाही, कदाचित जाणार नाही.

गाळ रविवारी काढणार आहोत. आठ घमेली आहेत आणि सात बायका येणार. आलीस तर फोन घरी ठेवून ये.

अक्का